अमावास्येला माग बंद

अमावास्येला माग बंद.
वडगावच्या आमच्या गल्लीत तेवढाच एक दिवस
शेजारणीची खोकल्याची उबळसुद्धा ऐकू येते.
लुमाण्णा दारात घंटा वाजवत उभा,
"चल की गा, उठलास काय नाही अजून?"

पिरनवाडी मागं पडली, किणये मागं पडलं,
कानातली खटखट काही मागं पडेना.
बावीस वर्षांचा आवाज
एवढ्याशा वाटेत जातो होय?
कॅरिअरला बांधलेला कुंद्याचा डबा
प्रत्येक खड्ड्याला हुंकार देत होता.

जांबोटीत गंगव्वाच्या टपरीवर
न विचारताच पुढ्यात मिरची भजी.
"तिन्री, बिसी अदाव."
"तिखट किती?" मी मराठीत विचारलं.
ती काही बोलली नाही,
पाण्याचा तांब्या तेवढा जवळ सरकवला.

पुढं शेतात रताळी काढणं चाललेलं.
एका पोरानं निखाऱ्यात पुरलेली दोन टोकरून दिली,
पैसे नको म्हणाला,
सायकलवर एक फेरी मात्र मागितली,
आणि परत यायला इतका वेळ लावला
की रताळी सालीसकट संपली
आणि लुमाण्णाचा चेहरा उतरला.

मग कणकुंबीचा चढ. उतरून ढकलणं.
किंजळीच्या सावलीत एक कस्तुर
अर्धी शीळ घालून उरलेली विसरला.
लुमाण्णानं ती पुरी करून बघितली,
जमली नाही.

देवकूमावशीकडं नाचणीची भाकरी,
पावट्याची आमटी, तांब्याभर कोकम.
कुंदा बोटावर घेऊन चाटला तिनं,
"दूध करपवतात ते करपवतात,
वर पैसे घेतात, आणि तुम्ही देता!"
तरी डबा उचलून आत फडताळात ठेवला.
तिची बढाईही ठरलेली:
माझ्या आढ्याच्या अल्याडचा थेंब मलप्रभेला जातो,
पल्याडचा गोव्याला.
लुमाण्णा म्हणाला, या वाडीत प्रत्येक घर
हेच सांगतं, आणि कौलं सगळ्यांचीच गळतात.

तिचा मष्णू वर कड्यावरच्या कॅम्पात कामाला.
पिवळं हेल्मेट, कमरेला कड्यांचा जुडगा,
या कड्यापासून त्या कड्यापर्यंत लोखंडी तार.
दिवस कलताना पाहुणे गरम पाण्याच्या रांगेत गेले
तेव्हा त्यानं मला बोलावलं.
"पुण्याची माणसं पैसे भरून किंचाळतात.
तू फुकट जातोस, तर किंचाळू नको,
मॅनेजर झोपलाय."

पट्टे आवळले. ढकललं.

आणि मी धोटा झालो.
वर ताणा नाही, खाली ताणा नाही,
नुसती दरी, तिच्या तळाशी पाण्याची एक रेघ,
आणि माझ्या मागं
एकही धागा सुटत नव्हता.
मध्यावर कुठंतरी खटखट थांबली.
मला वाटलं, तार तुटली.
डोळे मिटून मावशीच्या आमटीची आठवण काढली,
दुसरं काही सुचलंच नाही.
पलीकडं टाचेला माती लागली तेव्हा कळलं,
तार शाबूत होती,
कान मोकळे झाले होते.
ओढ्याचं पाणी ऐकू आलं. मग एक गाय.
मग पलीकडून, फार बारीक,
लुमाण्णाची शिवी.

परतायला तार नव्हती.
धोट्याला नसते ती पायवाट मला होती,
करवंदीच्या काट्यांतून, पाऊण तास, अंधारात.
पोचलो तेव्हा कोकमाची बाटली रिकामी.
लुमाण्णा म्हणाला, "तू येतोस की नाही,
काय खात्री? म्हणून पिलो."

सकाळी बटण दाबलं.
धोटा सुटला, आपटला, परत सुटला.
खटखट आली, घरचीच असल्यागत कानात बसली.
दुपारी मालक बघून गेला,
लुगड्यात एक फणी विरळ पडली होती.
"लक्ष कुठं होतं रे?"
मी बोटं नाकाशी नेली.
राखेचा वास अजून होता.