काटा शून्यावर येतो का

एकतीस वर्षं मी काटे तपासले.
कळमन्यात, कॉटन मार्केटात, इतवारीच्या सराफ्यात,
मे महिन्यात, जेव्हा लोखंडी वजन
रुमालाशिवाय उचलता येत नाही, तेव्हासुद्धा.
आधी पारडी रिकामी करायची.
काटा शून्यावर येतो का, ते बघायचं.
माल नंतर. माणूस त्याहून नंतर.

म्हणून निकेश पौनीकर, खालच्या मजल्यावरचा,
पार्सलची पिशवी खांद्यावरून न उतरवताच
रात्री दाराशी येऊन म्हणाला,
"वासनिक मॅडम, पैसे अडकून राहिले ना जी,
अठरा हजार चारशे,"
तेव्हा मी चष्मा शोधला. पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला.

मोबाइलवर सोन्याचं चक्र फिरत होतं.
मी म्हटलं, शिक्का कुठं आहे?
वजनाच्या पोटातल्या शिशावर आम्ही ठोकायचो
तसा. कोणी ठोकला, कोणत्या साली.
त्यानं बोटानं तळाशी नेलं:
एक ढाल, एक मुकुट, सात आकडे.
दाबून पाहिलं. नुसतं चित्र.
वाघाच्या फोटोला कोणी बकरी बांधतं का, बाप्पा?

पत्ता? नाही.
अ‍ॅप आलं कुठून? "एका ग्रुपवर लिंक होती."
पैसे कोणाला पाठवले?
पहिले कुठल्याशा जनरल स्टोअर्सला,
मग एका शिवणक्लासला,
परवा कोणा बबनरावाला.
चक्र सोन्याचं आणि खातं शिवणक्लासचं!
दर गिऱ्हाइकामागे पारडं बदलणारा दुकानदार
मी रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे.

"पण मॅडम, पहिल्यांदा तीनशे आले होते. दोन मिनिटांत."
येणारच.
कळमन्यात एक जण होता,
पहिल्या गिऱ्हाइकाला एक संत्रं वरून टाकायचा,
सगळ्यांना दिसेल असं.
त्या संत्र्याचं वजन
पुढच्या शंभर जणांत वाटलेलं असायचं.

मग अटी वाचल्या. राखाडीवर राखाडी, मुंगीएवढ्या.
बोनस घेतला तर चाळीसपट खेळा, मग काढा.
काढायचे तर आधी कर भरा, तोही ह्यांच्याकडेच,
साडेतीन हजार.
स्वतःचेच पैसे घ्यायला पैसे मागणाऱ्या काट्याला
मासे धरणारे लोक गळ म्हणतात.

रिया नावाची कोणी मदतीला होती.
रात्री पावणेदोनला, पहाटे चारला, तेच वाक्य:
आपली विनंती प्रक्रियेत आहे.
निकेशनं तिला एकदा विचारलं होतं, जेवली का तू?
आपली विनंती प्रक्रियेत आहे.
मला हसू आलं. त्यालाही आलं, अर्धं.

आता जे सांगायचं टाळत होते ते.
खात्यात आमची एक रीत होती: साधी साडी नेसून,
पिशवी घेऊन, गिऱ्हाईक बनून
पाव किलो मागायचं. नमुना खरेदी.
लिंक मी त्याच्याकडून मागून घेतली होती,
तपासायला म्हणून.
तो गेल्यावर पाचशे टाकले.
चक्र फिरलं. बाराशे झाले.
आणि माझा हात, ज्यानं मिलिग्रॅमची वजनं
चिमट्यानं न थरथरता ठेवली,
परत बटणाकडे गेला.
तीन रात्री गेला.
पेन्शनमधले किती, ते इथं लिहीत नाही.
काटा खोटा आहे हे पुरतं ठाऊक असून
पारड्यात जाऊन उभी राहिले मी.

चौथ्या दिवशी एकोणीसशे तीसला फोन लावला.
आधी त्याच्यासाठी. मग, तो जिन्यापर्यंत गेल्यावर,
माझ्यासाठी.
लाइनवरच्या मुलीनं विचारलं, वय? व्यवसाय?
निवृत्त, म्हटलं.
कशातून, ते तिनं विचारलं नाही, बरं झालं.

निकेश जिन्यातच थांबला होता. त्यानं ऐकलं असणार.
काही बोलला नाही त्यावर. एवढंच म्हणाला,
"मॅडम, ते पहिले तीनशे तरी खरे होते ना?"
खरे होते रे.
फक्त कोणाच्या पारड्यातले,
ते त्याला विचारावंसं वाटलं नाही
आणि मला सांगावंसं.