चौथा गिअर

टेबलावर तीन कॅटलॉग, एक गार झालेली कॉफी
आणि व्हर्लिनचा डावा गुडघा,
ज्याला क्लच आता झेपणार नाही
हे तो सोडून सगळ्या हचिन्सनने मान्य केलंय.

शेडमध्ये सत्तर सालची शेव्हेल,
चारशे चोपन्न घनइंच,
निळी, म्हणजे रंग उरलाय तिथे निळी.
गिअर तीन.
तिसऱ्याच्या पुढे नुसता आवाज.

मी एकतीस वर्षं धान्याच्या काट्यावर बसले:
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
म्हणून आकडेमोड माझ्याकडे.
मागचा अ‍ॅक्सल चार पूर्णांक एक, टायर अठ्ठावीस इंची,
सत्तर मैलांच्या वेगाला
मिनिटाला चौतीसशे चव्वेचाळीस फेरे.
पुन्हा केलं. तेवढेच आले.
"मार्लाच्या दारात पोचेपर्यंत," मी म्हटलं,
"आठ तासांत साडेसोळा लाख वेळा गरगरणार हे."
त्याला त्याचा अभिमानच वाटला. दिसलं मला.

देलबर्ट उन्रू आला, टोपी मागे सारून,
सहा गिअरांची शिफारस घेऊन.
सहावा म्हणजे थेट निमकी.
"सतराशे बावीस," मी म्हटलं,
"एवढ्या कमी फेऱ्यांत हा कॅमशाफ्ट
जिना चढणाऱ्या दमेकऱ्यासारखा धापा टाकेल.
आणि क्लच कोण दाबणार, तू?"
देलबर्टने गुडघ्याकडे पाहिलं
आणि कॅटलॉगचं पान उलटलं.

मग ते हलकं ऑटोमॅटिक, स्वस्त, सुटसुटीत.
त्याला हे इंजिन दोन रविवारांत चावून
तेलाच्या पॅनमध्ये चुरा करून ठेवेल.
मग मागून जोडायचं ते वेगळं यंत्र,
जमिनीला हात न लावता बसणारं.
किंमत वाचून मी छपराकडे पाहिलं,
जे यंदा बदलायचं ठरलंय.

उरलं मालट्रकच्या घराण्यातलं एक,
जाडजूड, चार गिअरांचं.
चौथा म्हणजे पाऊणकी.
पंचवीसशे त्र्याऐंशी.
मी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला
आणि कुणीच काही बोललं नाही.

"त्याला कॉम्प्युटर लागतो," व्हर्लिन म्हणाला.
"माझ्या गाडीत कॉम्प्युटर नाही बसणार."
"तुझ्या छातीत बसलाच ना."

बोगद्याचा पत्रा दोन ठिकाणी ठोकावा लागला.
ते काम त्याने देलबर्टला करू दिलं नाही.
हातोडीवर चिंधी गुंडाळून, एका कुशीवर पडून
दोन दिवस ठोकत होता, हळूहळू,
जसं झोपलेल्याला उठवायचंही असतं
आणि उठवायचं नसतंही.

जूनमध्ये निघालो.
पहिला, दुसरा, तिसरा, तीच जुनी आरडाओरड,
मी सवयीने खिडकीकडे तोंड केलं.
मग कुठेतरी खाली काहीतरी सरकलं
आणि आवाज एक पायरी उतरला.
सुई पंचवीसशेच्या जरा वर. माझा हिशोब.
थर्मासचं झाकण खुळखुळतंय
हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

आता बोलायला हवं, असं वाटलं.
बेचाळीस वर्षं या गाडीत आम्ही
हातवाऱ्यांनीच भांडलो होतो.
शब्द शोधेस्तोवर नेब्रास्काची हद्द आली,
आणि शेजारून कुणीतरी पुटपुटलं:
"हे बघ, यांनी कोठार रंगवलं.
मागच्या वेळी पांढरं होतं.
ह्याची गाय परत रस्त्याकडेला."

मी वळले.
व्हर्लिन समोर बघत होता,
ओठ हलत होते.

"कधीपासून बोलतोस तू गाडी चालवताना?"

"नेहमीच," तो म्हणाला.
"तू कधी उत्तर देत नव्हतीस."

मैलभर मी गप्प राहिले.
मग म्हटलं, कोठार तेव्हा पांढरं नव्हतं,
पिवळसर होतं.
आणि तिथून थेट रॅपिड सिटीपर्यंत
आम्ही त्या रंगावर वाद घातला.