एकास पस्तीस

ओपावातल्या आमच्या पाचव्या मजल्यावर
संध्याकाळी सहानंतर मी कांदा चिरायचा नाही,
असा नियम आहे.
डोळ्यांत पाणी आलं की बोहुमीरचा हात हलतो
आणि त्याच्या चिमट्यात तेव्हा तिळाएवढा हूक असतो.
पडला तर गालिचा गिळतो.
मग आम्ही दोघं, साठी ओलांडलेली माणसं,
टॉर्च घेऊन रांगतो.

रणगाडा जानेवारीत आला, चपट्या खोक्यातून,
करड्या काड्यांना शेंगांसारखा लटकलेला.
एका पट्ट्याला नव्वद कड्या. दुसऱ्याला नव्वद.
टीव्हीवर हॉकी चाललेली, आणि हा एकेक कडी
कापतोय, घासतोय, जोडतोय.
कोण मोजणार आहे, मी विचारलं.
म्हणाला, मी मोजल्यात.

आधी गंज रंगवायचा. त्यावर माझा केसांचा स्प्रे.
त्यावर हिरवा, अगदी कोरा करकरीत.
मग ओल्या ब्रशने खरवडायचं
की खाली झाकलेला गंज वर येतो.
चाळीस वर्षं संसार केला,
पण हे असं मुद्दाम करतात हे ठाऊक नव्हतं.

शेवटी बुरुजावरून आडवा पांढरा पट्टा,
त्या ऑगस्टमध्ये आलेल्यांच्या अंगावर होता तसा.
तो ओढताना त्याचा हात कापला नाही.
मी बघत होते.

मग रस्ता. प्लास्टरात कोरलेले दगड,
फटींतून माझी वापरलेली चहापूड,
गटाराचं झाकण म्हणजे त्याच्या जुन्या शर्टाचं बटण.
कोपऱ्यावर सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
आणि भिंतीवर, जिथे रस्त्याचं नाव असायचं,
तिथे सुईने पाडलेली चार भोकं.
पाट्या लोकांनी स्वतःच उपटल्या होत्या,
न बोलावता आलेल्यांना वाट सापडू नये म्हणून.
चार भोकं.
एक अख्खी संध्याकाळ गेली त्यांत.

माणसं सगळ्यात शेवटी.
झाकणातून कमरेपर्यंत वर आलेला पोरगा, हात पुढे केलेला.
त्याचा चेहरा तीनदा पुसला.
थोराड दिसतो, म्हणे.
मला विचाराल तर आमच्या नातवाएवढाच होता तो,
तिन्ही वेळा.

आणि दुकानाच्या दारात सासूबाई.
निळा एप्रन. उंची पाच सेंटिमीटरही नाही.
हातात पाण्याचा जग.

इथे काम अडलं.

नणंद व्लास्ता म्हणते, आईने पाणी दिलं.
पोरगं तहानलेलं होतं, आणि शेवटी पोरगंच होतं.
बोहुमीर म्हणतो, नाही.
आईने जग दगडांवर उलटा केला, त्याच्या डोळ्यांदेखत,
शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला.
तो तेव्हा सात वर्षांचा. ती अकरा.
फोनवर आवाज चढले. व्लास्ताने ईस्टरला येणं टाळलं.

सासूबाईंना विचारायचं राहून गेलं, त्याला आता अठरा वर्षं झाली.
त्या वर्षाबद्दल त्या एवढंच सांगायच्या
की जर्दाळू फार आंबट निघाले.

पाणी रेझिनचं करतात.
ओतलं की चोवीस तासांत घट्ट होतं,
मग ना सांडत, ना कुणी पीत.
जग भरलेला ठेवायचा
की तोंडाशी धार लावायची,
हे आधी ठरवावं लागतं.

मार्च संपला. एप्रिलही.
सासूबाईंच्या तळव्याखाली तांब्याची तार आहे,
नुसती भोकात खोचलेली, गोंद नाही.

गुरुवारी धूळ झटकताना मी त्यांना
हलकेच पोराकडे वळवते.
शुक्रवारी त्या पुन्हा दगडांकडे बघत असतात.
आम्ही यावर काही बोलत नाही.
रेझिनची बाटली फडताळात, व्हिनेगरच्या मागे.
मी मुदत वाचून ठेवलीय:
ऑक्टोबर.