कडी आतून

महाप्यात, चौथ्या मजल्यावर,
मी एका शिक्षकाला हात बसवत होतो.
त्याला सगळं येतं : अपूर्णांक, संधी, ज्वालामुखी.
फक्त तास सुरू करता येत नव्हता.

म्हणून एक आज्ञा लिहिली :
कोणाचा, कशाचा, किती वाजता.
पहिली चाचणी दुपारी चारला.
हिरवा ठिपका लागला. नोंद आली : यशस्वी.
आणि तिकडे दिवाळे गावात
पिंपाला टेकवलेल्या फोनमधून
तो पाऊण तास रिकाम्या गच्चीला
छेद समान करून दाखवत राहिला.
मधूनच विचारायचा, ‘समजलं?’
कॅमेऱ्यात एक कावळा तेवढा येऊन गेला.

टेस्टिंगची निमिषा म्हणाली, ‘बग नाहीये यात.’
रात्री बसून आज्ञा बदलली.
आता त्याला दार वाजवता येतं,
उघडता येत नाही.

आज चारला वाजवलं.
दर्पणा कोळी, सहावी ब. उत्तर आलं :
‘थांब बोंबील पालटून येते’

तो थांबला.
किती थांबायचं, ते मी लिहिलंच नव्हतं.
अकरा मिनिटं.
निमिषाचा चहा गार,
माझं बोट ‘रद्द’वर,
तेवढ्यात कुणीतरी ओल्या अंगठ्यानं
कॅमेरा पुसला, तो आणखीच धुरकटला.

‘हां. बोल.’