ओबडधोबड

माझ्या कपाटात तीन कोयते आहेत,
हातभट्टीच्या रिकाम्या बाटल्या,
एका बाईची एकच चप्पल,
आणि खाकी कापडात शिवलेला तो.
उदगीरच्या कोर्टात सतरा वर्षं माझं हेच काम:
वस्तू घ्यायची, चिठ्ठी लावायची, उंदीर हाकलायचे.

साक्षीच्या दिवशी शिवण उसवली.
हातात घेतला तर मनगट आपोआप खाली गेलं.
नंबर? सरकारी वकिलांनी विचारलं.
नाही साहेब, जमादार शेख म्हणाले.
कंपनीचं नाव?
नाही.
खोडलाय?
खोडला नाही साहेब, घातलाच नव्हता.
टायपिस्टनं मान न उचलता उतरवलं:
हत्यारावर कोणताही क्रमांक दिसून येत नाही.

आणि पिंजऱ्यात उभा मन्मथ चवळे,
जो नळेगाव रोडच्या वर्कशॉपात
अकरा वर्षं पाण्याच्या मोटारींवर नंबर ठोकत होता.
एक घाव, एक आकडा.
सात तिरपा मारायची त्याची सवय,
मालकानं दोनदा पगार कापला तरी गेली नाही.
आमच्या बोअरच्या मोटारीवर आहे एक सात.
परवा टॉर्च घेऊन बघून आले. तिरपाच आहे.

परवान्याशिवाय जवळ बाळगला, तर एक कलम.
स्वतः बनवला, तर दुसरं,
आणि त्या दुसऱ्यातून आत गेलेल्याची पोरगी
शाळेत जाती ती थेट नांदायला जाती.
म्हणून पाटणूरकर वकिलांनी पढवून ठेवलं होतं:
पिशवी माझी.
आतलं माझं नाही.
कुणी ठेवलं, ठाऊक नाही.
एवढंच. पुढं एक अक्षर बोलायचं नाही.

कशासाठी, हे कलम विचारत नाही.
गेटजवळचा चहावाला म्हणतो, धुऱ्यावरून
थोरल्या भावाशी वाजलं होतं.
दुसरा म्हणतो, तसलं काही नाही,
त्याला फक्त बघायचं होतं, जमतंय का.

पंच गुंडप्पा फुटला.
सही माझीच हाय, म्हन्ला, पर कागद कोरा व्हता.
मग अर्धा तास लाखेच्या सीलवर गेला,
नमुन्याची मोहर जुळते का, पार्सल दोन दिवस
ठाण्यात कुणाच्या टेबलाखाली होतं.
मग कलेक्टरांच्या मंजुरीवर:
साहेबांनी हत्यार डोळ्यांनी पाहिलं,
की नुसत्या फाइलवर सही केली?
पाटणूरकर रंगात आले होते.
वर पंखा तीनवर होता आणि तरी घाम.

तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल वाचला गेला.
चाचणीत एक गोळी झाडली.
हत्यार चालू स्थितीत.
बनावट गावठी, ओबडधोबड.

ओबडधोबड.
मन्मथनं मान वर केली.
सकाळपासून पहिल्यांदा मी त्याचे डोळे बघितले.
ओठ हलले, शब्द आला नाही,
पण त्याचा अंगठा पिंजऱ्याच्या कठड्यावरून फिरला,
जिथं कुण्या सुतारानं रंधा नीट मारलेला नाही,
आणि त्या खरबरीत जागेवर थांबला.
पाटणूरकर मोठ्यानं खोकले.
मान खाली गेली.
एका माणसानं आपल्या हातचं काम
आपलं नाही म्हणून सोडून दिलेलं
मी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कापड पुन्हा शिवत बसले.
हवालदार त्याला व्हरांड्यातून नेत होता.
दाराशी तो थबकला.
मॅडम, ह्याला नंबर किती पडला?
सांगायला नको होतं. सांगितलं:
दोनशे सत्त्याहत्तर.
त्यानं वाकून माझी चिठ्ठी बघितली.
दोन्ही सात सरळ काढलेत, म्हणाला.
हवालदारानं दोरी ओढली.

निकाल सोमवारी.
सुटला काय, लागला काय,
अपिलाची मुदत संपेपर्यंत तो माझ्याकडेच राहणार,
खालच्या कप्प्यात, चपलेशेजारी.