कूलरसमोरची रेघ

मे महिना. मेकोसाबागेतल्या आमच्या दोन खोल्या.
पारा शेहेचाळीसला टेकलेला
आणि घरात कूलर एकच.
त्याच्यापुढे सहा फरशा:
तीन केझियाच्या, तीन ओबेदच्या.
मधली खडूची रेघ मीच मारली,
मेयोतली रात्रपाळी संपवून आले तेव्हा,
डोळे उघडे ठेवणंही जड होतं म्हणून.

"आई, याचा अंगठा माझ्या फरशीवर आला!"
"हिनं कूलरचं तोंड आपल्याकडं वळवलं!"
"मी पहिले आली होती."
"मी लहान आहो न!"

सॉरी म्हणा, मी म्हणते.
म्हणतात.
सीताफळाच्या बिया थुंकाव्यात तसं.

रात्री तिघं गुडघे टेकतो.
यांचे बाबा इटारसीला, ड्युटीवर;
त्यांच्यासाठी मागून झालं, आजीच्या गुडघ्यांसाठी झालं.
मग ओबेद, हात घट्ट जोडून:
"प्रभू येशू, दिदीच्या बाजूचा वारा बंद कर. आमेन."
आणि केझिया, डोळे न उघडता:
"प्रभू, ऐकलंस न तू, हा काय म्हणाला?"

मी तोंडात पदर कोंबला.
वाटलं, त्याला हे नवीन नसावं.
जगातल्या पहिल्या दोन भावांपासून
हीच तक्रार वर जात असेल:
त्याचा धूर सरळ गेला,
माझाच का जमिनीवर पसरला?

ओबेद झोपला. केझिया नाही.
"आई, खरं सांग. तुला तोच जास्त आवडतो न?"

दोघं सारखीच, हे ओठांवर आलं होतं.
माझी आईही हेच म्हणायची,
भावाच्या वाटीत साय घालता घालता.
गिळलं.
म्हटलं, कूलरच्या पट्ट्या बघ.
वारा तिकडे गेला की काय वाटतं?
"बंद पडला."
पडला का?
"नाही. ओबेदकडं गेला."
मग?
ती मोजू लागली. एक, दोन, तीन, चार.
तिच्या कपाळावरचे केस उडाले.
"आला," ती म्हणाली,
आणि थोड्या वेळानं,
"पण त्याच्याकडं जास्त थांबते तो."

मी मोजून पाहिलं नाही.
धीर झाला नाही, खरं तर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
दोघं गल्लीतून धुळीचे पाय घेऊन आली.
मी बादली घेऊन खाली बसले,
आधी तिचे पाय धुतले, मग त्याचा एक.
शिकवण काहीच दिली नाही. एवढंच बोलले,
एका रात्री जेवणाआधी
सगळ्यांत मोठा जो होता
तोच टॉवेल गुंडाळून खाली वाकला होता.
"येशू," ओबेद म्हणाला, शाळेत हजेरी द्यावी तसं.
हो. आणि मग तांब्या केझियाच्या हातात दिला:
दुसरा पाय तुझा.

तिनं पाणी ओतलं. घासला.
"आई, ही मुद्दाम जोरात घासते!"
"मळ किती आहे पाय न!"
बोटांच्या बेचक्यात तिचं नख लागलं,
गुदगुल्या झाल्या,
त्यानं लाथ झाडली, बादली कलंडली,
सहाही फरशांवर पाणी पसरलं
आणि दोघं त्यात आडवी पडून
हसत राहिली, कूलरखाली,
ओल्या पाठीनं, बेशुद्ध हसत.

रेघ कुठं गेली कोणी विचारलं नाही.

हे इथंच संपवलं असतं तर बरं दिसलं असतं.
पण सकाळी मी कामावरून आले
तर केझिया उकिडवी बसून
नवी रेघ मारत होती, पट्टीनं, सरळ.
फक्त मधोमध वीतभर जागा सोडली होती.
हे काय गं?
"फाटक. त्याला यायचं असलं तर."
ओबेदनं वाकून पाहिलं.
"किल्ली कोणाजवळ?"

दोघं एकदम ओरडली: "माझ्याजवळ!"

मी चपला काढल्या,
आणि कूलरच्या टबात पाणी भरायला गेले.