सोबत जोडले आहे

प्रश्न चौथा, ब. गुण चार.
'सी-व्ह्यू रिसॉर्ट'ला हिशेब ठेवणारं माणूस हवंय.
ईमेल लिहा. औपचारिक. शंभर शब्द.
तुमचं नाव प्रिया किंवा प्रशांत समजा.

मी प्रिया समजले.

बाक पोरांच्या मापाचा, गुडघे वर लागतात.
शेजारची पोर माझ्या ऋतिकाहून वर्षाने मोठी असेल.
मघाशी मलाच विचारत होती, मावशी, पाण्याची टाकी कुठेय?
तिला वाटलं, मी इथली शिपाई.
मी दाखवली टाकी.
सतरा नंबरचा फॉर्म भरलाय
असं काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

ईमेलला आधी चौकट आखायची, क्लासच्या सरांनी बजावलंय.
पट्टीने, पेन्सिलने.
टू. फ्रॉम. सब्जेक्ट.
एवढं आखलं की तो कॉम्प्युटर.

डिअर सर ऑर मॅडम.
जगदीश तारींना मी कधी सर म्हटलेलं नाही.
अकरा वर्षांपूर्वी देवगडच्या जेटीवर
दुसऱ्याच्या पाट्या मोजत उभी होते,
तर स्कूटर चालूच ठेवून म्हणाले,
"आकडे बरे धरतंस गो. उद्यापासून बर्फात येशीत?"
"येतंय," म्हटलं.
झाला अर्ज.
नेमणूकपत्र म्हणून एक स्वेटर मिळाला,
त्यांच्याच थोरल्याचा, कोपरात विरलेला,
कारखान्यातल्या थंडीसाठी.

आता शंभर शब्दांत सांगायचं, मी कशी आहे.
आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल.
पंक्च्युअल म्हणजे पहाटे तीनला ट्रॉलर धक्क्याला लागतो
तेव्हा वही उघडून बसलेली असते ती.
किती लाद्या, कुणाच्या नावावर, रोख की मागाहून.
बोट रिकामी परतली
तर तिची उधारी त्या दिवशी मी वाचून दाखवत नाही,
पान उलटते, खोकते,
पुढच्या बोटीचं नाव घेते.
ह्याला इंग्रजीत काय म्हणतात?
गुड कम्युनिकेशन स्किल्स
असं लिहिलं.

अनुभव दोन वर्षं दाखवा, सर म्हणाले होते,
फार लिहिलं की खोटं वाटतं.
अकराची दोन केली.
राहिलेली नऊ भुश्यात पुरून ठेवली,
लाद्या ठेवतात तशी.

आणि रिसॉर्टच्या नावातच समुद्र दिसतो म्हणे.
दिसण्याचे तिथे वेगळे पैसे पडत असतील.
तेही मीच मांडेन वहीत,
नेमलं तर प्रियाला.

शेवटी एक वाक्य सगळ्यांचंच असतं,
आय हॅव अटॅच्ड माय रेझ्युमे.
बॉलपेनाने लिहिलं, आणि थांबले.
काय अटॅच्ड? कुठे?
पेपरला टाचणी नाही, दोरा आहे,
तोही पुरवणी लागली तर.

युअर्स फेथफुली. एल दोन.
प्रिया.

मग दिसलं.
'अटॅच्ड'च्या शेजारी, समासाला लागून,
एक खवलं.
बाहीतून पडलं असेल, पहाटेचं,
सकाळी दोनदा साबण लावूनही.
नखाएवढं, गोल,
पंख्याखाली जरा उचलल्यासारखं होतंय, पण सुटत नाही.

उत्तरपत्रिकेवर सूचना छापलीय, सातवी,
ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये.

मॅडम पुढच्या रांगेत सह्या करत येतायत.
मी नखाने खवलं काढलं,
हॉल तिकिटाच्या प्लास्टिकमध्ये सरकवलं,
फोटोपाशी.

कागदावर राहिला तेलकट, गोल डाग.
पुसून जात नाही.
त्या तेवढ्या जागेतून
पुढच्या कोऱ्या पानाच्या
निळ्या रेघा दिसतायत.